ज्वालामुखीच्या वाटेवरची गावे

आकातेनांगोच्या खांद्यावर रात्र पडली की थंडी हाडात शिरते. पर्वत ३,९७६ मीटर उंचीचा. दिवसभराची उभी चढण संपवून आलेली देशोदेशीची तरुण मंडळी पांघरुणे लपेटून, हातात गरम चॉकलेटचा पेला धरून समोरच्या काळोखाकडे डोळे लावून बसतात. समोर फुएगो. स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी आग. ज्वालामुखी जागा असेल त्या दिवसांत थोड्या थोड्या वेळाने एक दबका हुंकार ऐकू येतो, पायाखालची जमीन थरथरते आणि शिखरातून लाल ठिणग्यांचे कारंजे उसळते. टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात. ज्या वाटाड्याने त्यांना इथवर आणले, तो मात्र टाळ्या वाजवीत नाही. तो वाऱ्याची दिशा पाहात असतो.

हाच फुएगो ३ जून २०१८ रोजी, एका रविवारी, खवळला. तप्त राख, वायू आणि दगडधोंडे यांचा लोंढा दुपारी डोंगराच्या घळीतून खाली आला आणि सान मिगेल लोस लोतेस नावाचे गाव त्याखाली गाडले गेले. सरकारी हिशेबाने मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. जवळपास तितकीच माणसे बेपत्ता राहिली. वाचलेल्यांच्या मते खरा आकडा याहून कितीतरी मोठा. त्याच उतारावर, गावापासून हाकेच्या अंतरावर, श्रीमंतांसाठी बांधलेले एक गोल्फ क्रीडासंकुल होते. तिथल्या व्यवस्थापनाने धोका ओळखून पाहुणे आणि नोकर यांना वेळीच बाहेर काढले. संकुल नष्ट झाले, पण माणसे वाचली. शेजारच्या गावाला मात्र ‘निघा’ असे वेळेवर कोणी सांगितले नाही. ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था म्हणाली, आम्ही सूचना दिली होती. आपत्ती निवारणाचे खाते म्हणाले, ती पुरेशी स्पष्ट नव्हती. वाद चालू राहिला. गाव राहिले नाही.

डोंगरावर हौसेने चढणाऱ्यांना आणि डोंगराखाली नाइलाजाने राहणाऱ्यांना धोका सारखाच असतो का? ग्वाटेमालाच्या डोंगराळ प्रदेशातून चालत जाणाऱ्या बहुदिवसीय सहली आज जगभरच्या तरुणांना खुणावीत आहेत. त्यांच्या निमित्ताने हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि तो केवळ ग्वाटेमालापुरता नाही.

तीन दिवसांची वाट

मेक्सिकोच्या दक्षिणेला असलेला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यात सदतीसच्या आसपास ज्वालामुखी. बहुतेक निद्रिस्त, फुएगो, पाकाया आणि सांतियागितो हे तीन मात्र जागे. पश्चिमेकडच्या पठारावर मायावंशीय लोकांची शेकडो गावे आहेत. २०१८ च्या जनगणनेत सुमारे ४४ टक्के नागरिकांनी आपण मूळनिवासी असल्याचे नोंदवले. बावीस माया भाषा तिथे बोलल्या जातात. डोंगर ओलांडला की बोली बदलते आणि बायकांच्या हातमागावरच्या पोलक्याची नक्षीही बदलते.

या भागातली सर्वांत लोकप्रिय पायवाट क्वेत्साल्तेनांगो शहरातून निघते आणि तिसऱ्या दिवशी आतित्लान सरोवराच्या काठी उतरते. शहराच्या डोक्यावरच ३,७७२ मीटर उंचीचा सांता मारिया उभा आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात त्याचा जो स्फोट झाला तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. हजारो माणसे त्यात गेली. तेव्हाच्या हुकूमशहाच्या सरकारने, देशाची आणि कॉफीच्या व्यापाराची पत राखण्यासाठी, असे काही घडलेच नाही अशी भूमिका घेतली असे सांगतात. डोंगराच्या कुशीत पडलेल्या त्या खिंडारातून १९२२ मध्ये सांतियागितो वर आला. तो आजही धुमसतो आहे. सांता मारियाच्या माथ्यावर उभे राहिले की तो चक्क पायाखाली, खाली वाकून पाहावा लागतो.

तिथून पुढची वाट मक्याच्या शेतांतून, ढगांनी भिजलेल्या जंगलातून आणि थंड माळांवरून जाते. रात्रीचा मुक्काम गावात. जेवायला काळा घेवडा आणि मक्याची भाकरी; ती हातावर थापण्याचा आवाज ऐकून कोणाही मराठी माणसाला घराची आठवण व्हावी. अंगदुखीवर उतारा म्हणून दगडमातीच्या बुटक्या खोलीत, तापल्या दगडांवर पाणी टाकून घेतलेले वाफेचे स्नान. शेवटच्या पहाटे डोंगरकड्यावरून सरोवर दिसते: तीनशे मीटरहून खोल निळे पाणी आणि पलीकडे सान पेद्रो, तोलिमान, आतित्लान हे तीन ज्वालामुखी. हे सरोवर म्हणजे काही हजार पिढ्यांपूर्वीच्या एका प्रचंड उद्रेकानंतर खचलेल्या जमिनीत साठलेले पाणी आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून या साऱ्याचे वर्णन ‘काळाचा स्पर्श न झालेली गावे’ असे केलेले असते. या वर्णनाइतके खोटे दुसरे काही नसेल.

वाट कोणी पाडली?

कारण काळाचा स्पर्श या गावांना झाला आहे, आणि तो चांगलाच जड हाताने झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपला कॉफीची चटक लागली. ज्वालामुखींच्या दक्षिण उतारावरची राखेची सुपीक जमीन मळ्यांसाठी हवीच होती. १८७१ नंतरच्या सरकारांनी गावांच्या सामाईक जमिनी काढून घेतल्या आणि डोंगरातल्या माणसांना सक्तीने मळ्यांवर राबवले. आज ज्या उतारांवरून परदेशी पाहुणे पाठीवर पिशवी टाकून हौसेने उतरतात, त्याच उतारांवरून पिढ्यान्‌पिढ्या मजूर बायकापोरांसह कॉफीच्या तोडणीला जात असत.

आपल्या ओळखीचा एक धागाही या गोष्टीत आहे. आपल्या श्रीखंडातला वेलदोडा हा मूळचा पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने तो ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील डोंगरात नेऊन लावला. पुढच्या काळात तो देश वेलदोड्याच्या निर्यातीत आपल्या पुढे निघून गेला. आज तो पिकवणारे बहुतेक लहान माया शेतकरी आहेत. स्वतः मात्र ते तो क्वचितच खातात. माल आखाती देशांत जातो, नफा मधल्या माणसाकडे राहतो.

१९५२ साली राष्ट्राध्यक्ष आर्बेन्स यांनी पडीक जमिनी भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. त्याचा फटका युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीला बसला, आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने घडवून आणलेल्या उठावात ते सरकार गेले. १९६० पासून गनिमी युद्ध पेटले ते ३६ वर्षे चालले. शांतता करार झाला २९ डिसेंबर १९९६ रोजी. १९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाने जे निष्कर्ष काढले ते अंगावर काटा आणणारे आहेत: दोन लाखांहून अधिक माणसे ठार किंवा बेपत्ता, ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया, ९३ टक्के अत्याचार लष्कर आणि त्याच्या हस्तकांचे, सहाशेहून अधिक सामूहिक हत्याकांडे. चर्चच्या वतीने असाच अहवाल प्रसिद्ध करणारे बिशप हेरार्दी यांचा तर, अहवाल वाचल्यानंतर दोनच दिवसांनी, एप्रिल १९९८ मध्ये खून झाला. माजी लष्करशहा रिओस मोंत यांना मे २०१३ मध्ये वंशसंहाराबद्दल शिक्षा झाली. ती दहा दिवसांत वरच्या न्यायालयाने रद्द केली.

सरोवराच्या काठच्या सांतियागो आतित्लान गावात २ डिसेंबर १९९० रोजी लष्कराने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. चौदा माणसे मेली, त्यांत मुलेही होती. गाव असे एकवटले की लष्कराला तिथला तळ हलवावा लागला. पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये स्टॅन वादळाच्या पावसात डोंगर खचून शेजारची पानाबाह वस्ती चिखलाखाली गेली. शेकडो माणसे गाडली गेली. मदतीला लष्कर आले तेव्हा गावकऱ्यांनी त्याला परत पाठवले. पंधरा वर्षांपूर्वीच्या गोळ्या ते विसरले नव्हते. आपत्तीशी झुंजताना लागणारे पहिले साधन म्हणजे फावडे असे आपण समजतो. पण त्याच्याही आधी विश्वास लागतो, आणि तो आयत्या वेळी कुठून आणणार?

हलवलेले गाव

या पायवाटेच्या आसपासचीच आणखी एक गोष्ट. सांता कातारिना इश्ताउआकान हे जुने किचे गाव. १९९८ च्या मिच वादळात त्याच्या जमिनीला भेगा पडल्या. सरकारने गाव हलवण्याचे ठरवले आणि २००० च्या सुरुवातीला बहुतेक कुटुंबे तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या माळावर वसवली गेली. या भागाला लोक ‘अलास्का’ म्हणतात, यावरून थंडीची कल्पना यावी. ज्यांनी पूर्वी उबदार हवेत पिके घेतली त्यांना आता दवाने जळणारा मका पाहावा लागला. त्यात शेजारच्या नाउआला गावाशी जमिनीचा जुना तंटा होताच. नव्या वस्तीने तो चिघळला. १७ डिसेंबर २०२१ रोजी या तंट्यात तेरा माणसांची हत्या झाली. मक्याची कणसे आणायला निघालेली कुटुंबे होती ती. लहान मुलेसुद्धा सुटली नाहीत.

पाहुण्याला वाटेत धुके दिसते, मेंढ्या दिसतात, हात हलवणारी मुले दिसतात. हे गाव इथे का आहे हे त्याला कोणी सांगितले नाही तर त्याने ग्वाटेमाला पाहिला असे म्हणता येईल का? चांगला वाटाड्या हे सांगतो. पण तो सांगेल की नाही, हे त्याला काय मोबदला मिळतो, तो कुठला आहे आणि त्याला बोलायची मोकळीक किती यावर अवलंबून असते.

पैसा कोणाच्या पदरात?

मार्गदर्शकासह चालण्याच्या या धंद्याची दोन रूपे आहेत. एक रूप असे की सहल शहरातल्या दलालाकडून विकली जाते, पैसा तिथेच राहतो, आणि ओझे वाहणाऱ्या गावकऱ्याच्या हाती रोजंदारी येते. स्पर्धा भावाची असल्यामुळे काटछाट कशात होते, तर उबदार कपड्यांत, वाटाड्यांच्या संख्येत आणि हवामान पाहून माघारी फिरण्याच्या निर्णयात. जानेवारी २०१७ मध्ये आकातेनांगोवर सहा गिर्यारोहक थंडीने गारठून मरण पावले. आगीचा डोंगर पाहायला गेलेल्यांना थंडीने मारले. बिकट हवेत डोंगरावर जाऊ नये हे कळायला मोठे शास्त्र लागत नाही. परत फिरलो तर आजची मजुरी बुडेल ही भीती नसावी लागते.

दुसरे रूप आशेचे आहे. क्वेत्साल्तेनांगोमध्ये १९९० च्या दशकापासून स्वयंसेवकांचा एक गट अशा सहली चालवतो आणि त्यातली शिल्लक रस्त्यावरच्या मुलांच्या शाळेकडे वळवतो. सरोवराकाठच्या काही गावांत बायकांच्या विणकाम सहकारी संस्था आहेत, गावातलेच तरुण वाटाडे आहेत, मुक्काम घराघरांत वाटून दिला जातो. तिथे पाहुण्याचा पैसा चुलीपर्यंत पोचतो. मात्र हे प्रयोग मोठे होऊ लागले की त्यांनाही दलालांची गरज भासू लागते, हा अनुभव आपल्याकडच्या कोकणातल्या घरगुती पाहुणचारालाही नवा नाही.

पण आकडे पाहिले की पर्यटनाबद्दलचा भाबडा उत्साह ओसरतो. ग्वाटेमालाचा डोंगर जगतो तो पाहुण्यांवर नव्हे, तर घर सोडून गेलेल्यांवर. २०२३ साली परदेशांतून, मुख्यतः अमेरिकेतून, तिथल्या मजुरांनी घरी धाडलेली रक्कम १९ अब्ज डॉलरहून जास्त होती. राष्ट्रीय उत्पन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. पर्यटनाची मिळकत त्याच्या जवळपासही जात नाही. डोंगरगावांतून मधूनच जी दुमजली, रंगीत, अर्धवट बांधलेली सिमेंटची घरे दिसतात, ती या पैशातून उठली आहेत. त्यांची किंमतही मोठी आहे. जानेवारी २०२१ मध्ये मेक्सिकोच्या उत्तर सीमेजवळ एकोणीस जळालेले मृतदेह सापडले. त्यांतले सोळा ग्वाटेमालाचे, बहुतेक सान मार्कोस प्रांतातल्या गावांतले. मध्य अमेरिकेतले सर्वोच्च शिखर ताहुमुल्को याच प्रांतात आहे. परदेशी पाहुणा विमानाने येऊन ज्या डोंगरावर पायी चढतो, त्या डोंगराखालचा तरुण पायी निघून त्या पाहुण्याच्या देशात शिरू पाहतो, आणि वाटेत मारला जातो. वाटाड्या दोघांनाही लागतो. एकाचा वाटाड्या कायदेशीर, दुसऱ्याचा चोरटा, आणि दुसरा कितीतरी पटींनी महाग.

पाच वर्षांखालील दर दोन मुलांमागे जवळपास एकाची वाढ कुपोषणाने खुंटलेली असलेला हा देश आहे. खुंटलेल्या वाढीचे प्रमाण मायाबहुल डोंगरात सर्वांत जास्त आहे.

काठीचा मान

मग या माणसांनी हात टेकले आहेत का? मुळीच नाही. ऑगस्ट २०२३ च्या निवडणुकीत भ्रष्टाचाराविरुद्ध उभे राहिलेले बेर्नार्दो आरेवालो मोठ्या फरकाने निवडून आले. १९४४ साली लोकशाही मार्गाने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांचे ते पुत्र. महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने निकालच उलथवण्याचा घाट घातला. तेव्हा रस्त्यावर प्रथम उतरले ते राजधानीतले पुढारी नव्हेत, तर तोतोनिकापानच्या ४८ गावांचे पारंपरिक पंच. त्यांच्या हातातली काठी हे अधिकाराचे चिन्ह. गावाने वर्षभरासाठी, बिनपगारी, सोपवलेल्या सेवेचे. २ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनी महामार्ग अडवले, राजधानीत महाधिवक्त्यांच्या कार्यालयासमोर शंभरहून अधिक दिवस ठाण मांडले. जानेवारी २०२४ मध्ये मध्यरात्र उलटल्यावर का होईना, नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला. याची किंमतही त्यांना मोजावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये त्या आंदोलनातल्या दोन माजी पंचांना दहशतवादाच्या आरोपाखाली अटक झाली.

हेच पंच एरवी काय करतात? गावचे जंगल राखतात, पाण्याचे झरे राखतात. तोतोनिकापानचे पाइनचे जंगल अजून उभे आहे ते या व्यवस्थेमुळे. पाहुणा ज्या सावलीतून चालतो ती कोणीतरी राखलेली असते. तिचा मोबदला सहलीच्या पावतीत कुठेच नसतो.

आपल्या डोंगराखाली

ज्वालामुखी पाहायला गेलेली माणसेही मरतात. न्यूझीलंडच्या व्हाइट बेटावर डिसेंबर २०१९ मध्ये बावीस, इंडोनेशियातल्या मरापीवर डिसेंबर २०२३ मध्ये चोवीस. जग अशा वेळी हळहळते, चौकशा होतात, नियम बदलतात. ते योग्यच आहे. पण लोस लोतेससारख्या गावाचे नाव आठवड्याभरात विसरले जाते.

आपणही याला अपवाद नाही. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच बनलेला आहे. त्याची आग कधीच विझली, पण त्याची माती पावसात अजून सुटते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. इर्शाळगडावर जाणाऱ्या कितीतरी भटक्यांनी त्या ठाकरवाडीत पाणी प्यायले होते, कोणाच्या तरी अंगणात पिठले-भाकरी खाल्ली होती. वाडीला रस्ता नव्हता, आणि धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत तिचे नावही नव्हते. रात्री मदतीला धावलेल्यांत गिर्यारोहक मंडळी होती हे खरे, आणि अभिमानाचेही. पण वाडीवर लटकणारा तो कडा वर्षानुवर्षे आपण पाहात होतो आणि त्याचे छायाचित्र काढीत होतो, हेही खरेच.

तेव्हा पुढच्या सुटीत डोंगरात जाताना, मग तो ग्वाटेमालाचा असो की रायगड जिल्ह्यातला, आपण काय करू शकतो? भावात घासाघीस करण्याआधी वाटाड्याला आणि स्वयंपाक करणाऱ्या माउलीला काय मिळते ते विचारू शकतो. वाटाड्या परत फिरू म्हणाला तर पैसे परत न मागता फिरू शकतो. गावाच्या वरची भेग, नव्याने फुटलेला झरा, कललेले झाड दिसले तर ते तहसीलदारापर्यंत पोचवू शकतो. आणि सरकारला विचारू शकतो की धोक्याची सूचना जी वर जाणाऱ्या पाहुण्याला मिळते, ती खाली राहणाऱ्याला त्याच्या भाषेत आणि त्याच वेळी मिळते का.

लोस लोतेसची जी माणसे वाचली त्यांच्यासाठी एस्कुइंत्ला शहराजवळ नवी वसाहत उभी राहिली. इर्शाळवाडीच्या लोकांनाही नवी घरे मिळाली. दोन्हीकडे घरे मिळाली ती गाव गेल्यानंतर. आकातेनांगोवर पहाट होते, पाहुणे पिशव्या आवळून उतरू लागतात, आणि वाटाड्या एकवार मागे वळून धुराकडे पाहतो. त्याचे घर खाली आहे.